गॅसशिवायची भूल

पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं तेव्हा ऑपरेशनची मला फारशी भीती वाटली नाही, भुलीची वाटली. काही वर्षांपूर्वी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. ते व्यवस्थित पार पडलं, पण नंतरची अख्खी रात्र उलट्यांमध्ये गेली. पोटाला ताजे टाके आणि वरून उमासे, हे ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरी एक भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती: मध्येच जाग आली तर? उलट्या टाळायचा उपाय आणि मध्येच जाग येण्याचा धोका या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत माझं ऑपरेशन पूर्णपणे शिरेतून दिलेल्या औषधांवर झालं, गॅस अजिबात न वापरता. ज्यांना अशी भूल सुचवली गेली आहे आणि नक्की काय होणार ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते.

सोनोग्राफी 6 जानेवारीला झाली. सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन करायला 10 फेब्रुवारी ही तारीख दिली आणि त्याआधी भूलतज्ज्ञांकडून फिटनेस घ्यायला सांगितलं. या तपासणीला सगळे पीएसी म्हणतात. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि जुनी फाइल घेऊन 23 जानेवारीला गेले. नंबर लागेपर्यंत अडीच तास बसावं लागलं. तेवढ्या वेळात चालू औषधांची यादी कागदावर उतरवून काढली, आणि तिचा पुढे इतका उपयोग झाला की ती घरूनच करून न्या असं सांगेन. त्यात आयुर्वेदिक गोळ्या, काढे, जीवनसत्त्वं सगळं लिहा. वजन कमी करायची किंवा मधुमेहाची आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं चालू असतील तर ती आवर्जून सांगा, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

भूलतज्ज्ञ मॅडमनी आधी तोंड उघडायला लावून घसा पाहिला, मान मागे करायला लावली, हलणारा दात आहे का ते विचारलं. श्वासनलिकेत नळी किती सहज जाईल याचा तो अंदाज. मग जुनी फाइल चाळली. आधीच्या डिस्चार्ज कार्डावर भुलीबद्दल फक्त ‘जीए’ (जनरल अनेस्थेशिया, म्हणजे सर्वसाधारण भूल) एवढी दोन अक्षरं होती. कुठली औषधं, किती, काही त्रास झाला का, याचा पत्ता नाही. मी उलट्यांचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चार गोष्टींचा हिशेब मांडला. रुग्ण बाई असणं, सिगारेट न ओढणं, पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक लागणं. यातलं काहीच नसेल तर उलट्यांची शक्यता साधारण 10 टक्के, चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास. माझे चारही भरत होते. (सिगारेट न ओढण्याचा तोटा मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.)

मग त्यांनी जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सर्वसाधारण भुलीत सहसा शिरेतून एक औषध देऊन झोपवतात आणि पुढची झोप सेव्होफ्लुरेनसारखा गॅस श्वासातून देऊन टिकवतात. शिरेतलं औषध काही मिनिटांचंच असतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोनेक तासांतल्या उलट्यांमागे या गॅसचा मोठा हात असतो. “तुमच्या बाबतीत मी गॅस वापरणारच नाही,” मॅडम म्हणाल्या. “झोपवायलाही प्रोपोफॉल आणि झोप टिकवायलाही प्रोपोफॉल, पंपाने शेवटपर्यंत.” या पद्धतीला टोटल इंट्राव्हेनस अनेस्थेशिया म्हणतात, डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात टीवा.

माझा चेहरा खुललेला पाहून त्यांनी लगेच पाय जमिनीवर आणले. 2004 साली पाच हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात गॅसऐवजी प्रोपोफॉल वापरल्यावर उलट्या-मळमळीचा धोका 19 टक्क्यांनी कमी झाला, आणि ओन्डॅन्सेट्रॉन किंवा डेक्सामेथासोनसारख्या उलटी रोखणाऱ्या एकेका औषधाने 26 टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या टीवावर भिस्त ठेवून चालत नाही. “आपण तिन्ही करू,” त्या म्हणाल्या. हे आकडे ऐकून मला उलट बरं वाटलं. ‘काही होणार नाही हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा टक्के सांगणारी माणसं मला जास्त भरवशाची वाटतात.

आता जाग येण्याचं. मी विचारलं, त्यांनी टाळलं नाही. गॅस दिला की उच्छ्वासातून तो किती बाहेर येतोय हे यंत्र प्रत्येक श्वासागणिक मोजतं, त्यामुळे शरीरात किती गेलाय याचा अंदाज पडद्यावर सतत दिसतो. रक्तातलं प्रोपोफॉल तसं मोजून दाखवणारं यंत्र ऑपरेशन थिएटरात नेहमीच्या वापरात नसतं. पंप आकडा दाखवतो, पण तो गणिताने काढलेला. सुई शिरेतून निसटली, नळी सुटली किंवा मुडपली, तर पंप औषध ढकलत राहील आणि ते पोचेल चादरीवर. म्हणून सुईची जागा शेवटपर्यंत उघडी, नजरेसमोर ठेवायची. कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली पाहायची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याच विषयावर मोठी पाहणी होऊन 2014 साली तिचा अहवाल आला. नकळत जाग आल्याची तक्रार साधारण 19,000 भुलींमागे एक निघाली. स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं असेल तर प्रमाण वाढून 8,000 मागे एक, आणि दिलेलं नसेल तर लाखाहून जास्त भुलींमागे एक. माझ्या ऑपरेशनला ते औषध लागणार होतं, त्यामुळे माझा आकडा 8,000 मागे एक. तो मी मनात धरून घरी आले.

मधल्या आठवड्यांत वाचन केलं. घरात मोठ्या बहिणीने प्रोपोफॉलचं नाव ऐकताच “अगं, मायकेल जॅक्सन गेला तेच ना?” म्हणून धसका घेतला. तेच. 2009 साली ते त्याला घरी झोप लागावी म्हणून दिलं जात होतं, श्वासावर नीट नजर ठेवायची साधनं नसताना. प्रोपोफॉल श्वास मंदावतं, बंदही पाडतं, रक्तदाबही खाली आणतं. थिएटरात श्वासाची सोय करायला माणूस शेजारीच बसलेला असतो, म्हणून ते तिथे रोजचं औषध आहे. ताईला हे दोनदा सांगितल्यावर पटलं, निदान तसं ती म्हणाली.

या औषधांच्या घराण्याची हकिगत मला धरून ठेवणारी वाटली. 1934 साली अमेरिकेत राल्फ वॉटर्स आणि जॉन लंडी यांनी थायोपेन्टल वापरायला सुरुवात केली. नार्को चाचणीच्या बातम्यांत येणारं पेंटोथाल ते हेच. माणूस अर्ध्या मिनिटात झोपायचा, पण ते चरबीत साचतं आणि शरीरातून जायला फार वेळ घेतं, त्यामुळे तासभर चालू ठेवलं तर जाग यायला उशीर. झोपवायला उत्तम, टिकवायला गैरसोयीचं. केटामाइन 1962 साली तयार झालं आणि 1970 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते वेदनाही मारतं आणि श्वास बराचसा चालू ठेवतं, म्हणून साधनं तुटपुंजी असतात तिथे अजून त्याचाच आधार. पण शुद्धीवर येताना भास, विचित्र स्वप्नं पडू शकतात. एटोमिडेट हृदयाला फार सांभाळून घेतं, रक्तदाब पाडत नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ते दिवसेंदिवस चालू ठेवलं तेव्हा मृत्यू वाढलेले दिसले. ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं काम, म्हणजे शरीराला तगवणारी संप्रेरकं बनवणं, दाबून टाकतं हे 1980 च्या दशकात उघड झालं, आणि ते सलग देणं बंद झालं.

प्रोपोफॉल शोधलं जॉन ग्लेन या पशुवैद्यकाने, आयसीआय कंपनीत काम करताना, 1970 च्या दशकात. ते पाण्यात विरघळत नाही, आणि पहिल्यांदा ज्या द्रावकात घालून माणसांना दिलं त्याची तीव्र अ‍ॅलर्जी काहींना झाली. औषध जवळपास बाजूला पडलं होतं. मग सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्या दुधाळ मिश्रणात ते बसवलं आणि 1986 साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं. ग्लेन यांना 2018 साली लास्कर पुरस्कार मिळाला. तपासणीच्या फॉर्मवर ‘अंड्याची अ‍ॅलर्जी?’ हा प्रश्न का होता ते इथे कळलं. ही अ‍ॅलर्जी बहुधा पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते आणि लेसिथिन बलकातलं, त्यामुळे अशा बहुतेकांना प्रोपोफॉल चालतं. तरी सांगून ठेवा, निर्णय त्यांना घेऊ द्या.

9 तारखेला संध्याकाळी दाखल झाले. विम्याची पूर्वमंजुरी आदल्या दिवशीच आली होती, तरी काउंटरवर ओळखपत्राच्या प्रती पुन्हा मागितल्या. संमतीपत्रं दोन वेगळी होती, ऑपरेशनचं एक आणि भुलीचं एक. भुलीच्या पत्रात पद्धतीपुढे रिकामी जागा होती. ‘टीवा’ लिहिलेलं दिसल्याशिवाय सही करू नका, असं मॅडमनीच सांगून ठेवलेलं होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना फोन करून विचारलं, लिहिलं, मग मी सही केली. उपाशी राहायचा नियम असा: जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं सहा तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. वॉर्डातल्या सिस्टरनी रात्री बारानंतर पाण्यालाही नाही म्हटलं. मी मॅडमना मेसेज केला आणि सकाळी साडेसहापर्यंत घोट घोट पाणी प्यायची परवानगी फाइलवर लिहून आली. डोकं दुखणं वाचलं. नेलपॉलिश काढलेलं असू द्या, बोटाला लावतात तो चिमटा रंगावरून ऑक्सिजन मोजतो.

सुई कुठे टोचायची यावरही बोलणं झालं. प्रोपोफॉल शिरेत जाताना जळजळतं. आधी काही उपाय केला नाही तर दहातल्या सहा जणांना ते जाणवतं. हाताच्या पाठीवरची बारीक शीर असेल तर जास्त. त्यामुळे माझी सुई कोपराच्या खोबणीतल्या मोठ्या शिरेत घातली. हात दुमडायचा नाही, एवढंच पथ्य.

थिएटर थंडगार असतं, पायात मोजे मागून घ्या. नाव, ऑपरेशन, अ‍ॅलर्जी हे तीन वेळा वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. पहिल्यांदा विचारतात तेव्हा वाटतं यांना माहीत नाही की काय. तसं नसतं, ती ठरलेली यादी असते आणि ती रुग्णाच्या तोंडूनच भरायची असते. छातीला ईसीजीच्या चकत्या, दंडाला पट्टा, कपाळावर चार ठिपक्यांची चिकट पट्टी. ती लावताना प्रत्येक ठिपका काही सेकंद दाबून धरतात, कपाळाला किंचित टोचतं. पडद्यावर आकडा आला 97. शंभर म्हणजे टक्क जागं, शून्य म्हणजे लहरीच नाहीत, भुलीत 40 ते 60 च्या मध्ये ठेवायचा.

डाव्या बाजूला एकावर एक दोन पंप होते. वरच्यात पांढरं दाट औषध भरलेली 50 मिलिलिटरची सिरिंज, खालच्यात पाण्यासारखं रेमिफेंटॅनिल, मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक. मॅडमनी माझं वय, उंची, वजन पंपात घातलं आणि मोठ्याने वाचून शेजारच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. मी पडल्या पडल्या विचारलं, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, तळाला भोकं असलेली बादली ठरावीक रेघेपर्यंत भरलेली ठेवायची आहे असं समजा. आधी भसकन ओतायचं, मग गळेल तेवढंच सोडत राहायचं. रक्तातून औषध आधी स्नायूंत आणि चरबीत उतरतं, ती भरत आली की गळती मंदावते, म्हणून सोडायचा वेगही दर थोड्या वेळाने कमी करावा लागतो. हा हिशेब पूर्वी हातांनी करायचे: किलोमागे 1 मिलिग्रॅम एकदम, मग दहा मिनिटं तासाला 10, पुढची दहा मिनिटं 8, त्यानंतर 6. असा हिशेब करणारे पंप 1996 पासून आले. डॉक्टर फक्त रेघ ठरवतात. माझी रेघ होती रक्ताच्या मिलिलिटरमागे 4 मायक्रोग्रॅम.

आधी रेमिफेंटॅनिल. अर्ध्या मिनिटात पापण्या जड झाल्या आणि छातीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. मग जळजळ कमी करायला लिडोकेन. मग “आता हात थोडा गरम लागेल.” लागला, कोपरापासून दंडापर्यंत, पण सहन होईल एवढाच. शंभरपासून उलटं मोजायला वगैरे कुणी सांगितलं नाही. मॅडम ताईच्या मुलीबद्दल काहीतरी विचारत होत्या, मी उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्यापुढचं काही नाही. स्वप्न नाही, अंधार नाही, वेळ गेल्याची जाणीवही नाही.

मधलं सगळं मला भुलीच्या नोंदीवरून कळलं. तिची प्रत आपोआप मिळत नाही, मेडिकल रेकॉर्डला अर्ज द्यावा लागतो. डिस्चार्जच्या दिवशीच देऊन टाका, नंतर हेलपाटे पडतात. मला ती पुढच्या आठवड्यात मिळाली. आलेख वाचता येतो: झोपल्यावर वरचा रक्तदाब 122 वरून 94 वर आला, त्यावर औषध दिलं, परत 110. नळी पहिल्या प्रयत्नात गेली. कपाळावरचा आकडा बहुतेक वेळ 45 च्या आसपास, पोटात हवा भरताना 58 वर चढला तेव्हा रेघ 4 वरून 4.5 केलेली. प्रोपोफॉलची पहिली सिरिंज संपून दुसरी लावली ती वेळही लिहिलेली आहे. अलार्म वाजायच्या आधीच बदलली होती. दर पंधरा मिनिटांना एक अशी छोट्या टिकमार्कची रांग आहे, तिच्यासमोर लिहिलंय ‘सुईची जागा पाहिली’. ती रांग मी बराच वेळ बघत बसले. माझ्या दुसऱ्या भीतीला दिलेलं उत्तर होतं ते, पेनाने, दर पंधरा मिनिटांनी.

रेमिफेंटॅनिल रक्तातच मोडतं आणि पंप थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत त्याचा असर जातो. हे चांगलं तसंच अडचणीचंही आहे, कारण वेदना एकदम समोर उभी राहते. म्हणून टाके घालत असतानाच पॅरासिटामॉल, मॉर्फिनचा छोटा डोस आणि जखमांभोवती बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं होतं. प्रोपोफॉलचा पंप बंद केला तेव्हा त्यावरचा रक्तातल्या औषधाचा आकडा 3 होता, मी डोळे उघडले तेव्हा 1.3.

जाग आली ती हाकेने. गॅसनंतरच्या वेळी डोकं जड, जीभ जड, सगळं लांबून ऐकू येत होतं. या वेळी मी लख्ख जागी होते आणि मला वाटत होतं अजून सुरूच व्हायचंय. हे प्रोपोफॉलचं ठरलेलं लक्षण दिसतं, शेजारच्या खाटेवरच्या आजीही सिस्टरना तेच सांगत होत्या: “मला झोपच लागली नाही हो.” त्यांचं गुडघ्याचं काम होऊन अर्धा तास झाला होता. एक गंमतीचा आनंदही असतो पहिली काही मिनिटं, मी सगळ्यांचे आभार मानत सुटले होते म्हणे.

उलटी झाली नाही. संध्याकाळी उठून बसल्यावर मळमळ आली, ओन्डॅन्सेट्रॉनचा आणखी एक डोस दिला, गेली. म्हणजे टीवा घेतली की काहीच होत नाही असं समजून जाऊ नका. नळीमुळे घसा दोन दिवस खवखवला आणि दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उजवा खांदा दुखला. याचा भुलीच्या औषधांशी संबंध नाही, पण कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. चालत राहिलं की कमी होतं. क्वचित कुणाला प्रोपोफॉलनंतर लघवी हिरवट होते, तेही आपोआप जातं.

डोकं लख्ख वाटतंय म्हणून लगेच कामाला लागू नका. 24 तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, दारू नाही, आणि सोबत मोठं माणूस हवं. नेमका याच वेळात डिस्चार्जचा सोपस्कार येतो. माझ्याकडून सह्या घ्यायला आलेल्या मुलाला ताईने दारातच अडवलं आणि स्वतः सही केली. तशी परवानगी दाखल होतानाच लिहून दिली होती, म्हणून अडलं नाही.

शेवटचं विम्याचं. मंजुरीच्या पत्रात भूलतज्ज्ञांची फी होती, पण कपाळावरची पट्टी आणि पंपाच्या खास नळ्या एकदा वापरायच्या वस्तू म्हणून दाव्यातून वगळल्या, आणि ती रक्कम माझ्यावर आली. मॅडमनी नंतर पत्र दिलं: पूर्वीच्या उलट्यांमुळे टीवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक, आणि टीवासोबत मेंदूच्या लहरींचं निरीक्षण आवश्यक. त्या पत्रावर पट्टीचे पैसे मंजूर झाले, नळ्यांचे नाहीत. हेच पत्र पूर्वमंजुरीच्या अर्जाला जोडता येतं, तेव्हा पीएसीच्याच दिवशी मागून घ्या.